नीटचं वेळापत्रक आखताना तास नको, काम लिहा

लातूरच्या अभ्यासिकांमध्ये नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांच्या टेबलासमोर चिकटवलेलं वेळापत्रक हमखास दिसतं: पहाटे 5 ते 7 फिजिक्स, 7 ते 9 केमिस्ट्री, असं करत रात्री 11 पर्यंत. चार दिवसांत ते कोलमडतं. मेसचा डबा उशिरा येतो, लाईट जाते, गावाकडून फोन येतो. एक तास हुकला की पुढचे सगळे सरकतात आणि लेकरू स्वतःलाच दोष देत बसतं. मी ही मुलं रोज बघते. खोट त्यांच्यात नाही, आखणीत आहे.

आधी परीक्षेच्या दिवसापासून मागे मोजत या. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. तोच अंदाज धरला तर एप्रिल सगळा सराव पेपरांचा, फेब्रुवारी-मार्च बारावी बोर्डाचे. म्हणजे नवा धडा शिकायची मुदत जानेवारीअखेर संपते. मग न टळणारे दिवस कॅलेंडरवर खोडून टाका: सोयाबीनची काढणी, दिवाळी, घरातलं लग्न. रानात माणसं कमी पडत असताना घरच्या पोराचे रोज दहा तास अभ्यास होणार नाहीत. त्या आठवड्यांत बायोलॉजीची उजळणी तेवढी ठेवा, नवं काही नको.

धड्यांची यादी नीटच्या अभ्यासक्रमावरून करा, बोर्डाच्या पुस्तकावरून नाही. बोर्डाच्या केमिस्ट्रीतला पहिलाच धडा, सॉलिड स्टेट, नीटमधून 2024 ला वगळला गेला. तो बोर्डापुरता वाचा.

आता रोजचं पान. त्यावर ‘फिजिक्स 2 तास’ असं लिहू नका. ‘रोटेशनल मोशनचे 25 प्रश्न, चुकलेले पुन्हा’ असं लिहा. दिवसाला अशी तीन कामं पुरेत. बायोलॉजीच्या एनसीईआरटी (केंद्रीय अभ्यासक्रमाच्या) पुस्तकाचं वाचन रोज हवंच, कारण 180 पैकी 90 प्रश्न तिचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण. फिजिक्स सकाळी डोकं ताजं असताना घ्या. रविवारचा अर्धा दिवस मोकळा सोडा, आठवड्याची थकबाकी तिथे फिटते. ही जागा नसेल तर पहिल्याच महिन्यात बॅकलॉगचा डोंगर होतो.

सगळ्यात जास्त जीव लावायचा तो चुकांच्या वहीला. दोनशे पानी वही घ्या, तीन रकाने आखा: प्रश्न, चूक का झाली, बरोबर काय. मधला रकाना प्रामाणिकपणे भरा: माहीत नव्हतं, आकडेमोड चुकली की घाईत ‘चुकीचं विधान निवडा’ हे वाचलंच नाही? माझ्याकडच्या एका मुलीला वाटायचं, आपलं फिजिक्सच कच्चं आहे. महिनाभराची वही उलटून पाहिली तर अर्ध्याहून अधिक ठिकाणी सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलेलं. सूत्रं तिला सगळी येत होती. तिला नवा क्लास लागला नाही, दिलेले आकडे आधी एसआय एककांत (मीटर, किलोग्रॅम, सेकंद) लिहून घ्यायची सवय लागली. बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकलं तर 1 वजा, म्हणजे अशी एकेक चूक 5 गुणांना पडते. वहीत जे वारंवार दिसेल, तेच पुढच्या आठवड्याच्या तीन कामांत घाला.

मार्चअखेरपासून पेपर दुपारी 2 वाजताच सोडवा. 2025 ला पेपर 2 ते 5 होता, 180 मिनिटांत 180 प्रश्न, ऐच्छिक एकही नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात ही वेळ पडी टाकायची. डोळे मिटतात, पान ओलं होतं, पंखा गरम हवा फेकतो. शरीराला त्याची सवय आधीच लागू द्या. केंद्राचं गेट दीडला बंद होतं, तेव्हा त्या दिवशी जेवण अकराच्या सुमारास उरकावं लागेल. एप्रिलभर सरावाच्या दिवशीही तसंच जेवा, हलकं. पेपर पलंगावर नको, टेबलावर घड्याळ लावून, काळ्या बॉलपेनाने ओएमआर (गोल रंगवायची उत्तरपत्रिका) भरून सोडवा. शेवटची 10 मिनिटं फक्त गोल तपासायला ठेवा.