ग्रुपवर बोलायचंय? आधी जिना उतरा

नाशिकला गोविंदनगरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगसाठी कडुनिंब तोडायची टूम निघाली. रात्री दहाला ग्रुपवर मेसेज, आणि बघता बघता अकरा अंगठे. ‘माझा विरोध आहे’ हे मी चारदा टाइप केलं, चारही वेळा खोडलं.

सकाळी दूध घेताना पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “झाड गेलं तर आमचं स्वयंपाकघर भट्टीच होईल.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

तेव्हा पहिली गोष्ट: अंगठे मोजू नका, गप्प बसलेले मोजा. आमची घरं ४८, म्हणजे ३७ जण गप्प. आपण एकटे आहोत असं वाटून माणूस गप्प बसतो आणि त्याला पाहून दुसराही. एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जर्मन अभ्यासक बाईंनी हे १९७४ मध्ये मांडलं होतं. फेसबुकमुळे लोकांची तोंडं उघडतील असं वाटलं होतं. पण अमेरिकेत लोकमताची पाहणी करणाऱ्या प्यू संस्थेने २०१३ मध्ये स्नोडेन प्रकरणावर (सरकार लोकांवर गुपचूप पाळत ठेवतं हे स्नोडेनने फोडलं, ते) बोलाल का असं विचारलं, तर समोरासमोर बोलायला ८६ टक्के तयार. फेसबुक-ट्विटर वापरणाऱ्यांपैकी तिथे लिहायला तयार फक्त ४२ टक्के.

म्हणून आधी जिना उतरा आणि एक जोडीदार शोधा. एकच पुरे. आपल्या मेसेजमागे लगेच त्याचा यायला हवा, हे आधीच ठरवून घ्या. (कट म्हणा हवं तर.) रात्री लिहू नका, रात्री सगळेच शूर असतात.

मी लिहिलं ते असं: ‘कडुनिंब तोडू नये असं मला वाटतं. दुपारी चार घरांना त्याची सावली मिळते. तोडायला महापालिकेची परवानगीही लागते. विषय सभेत घेऊ या.’ कोणाचं नाव नाही, टोमणा नाही. पाचव्या मिनिटाला वहिनींचा ‘सहमत’. मग फोन ठेवून मी कुकर लावला. उत्तरादाखल कोणी नुसते हात जोडले, तर अर्थ शोधत बसू नका.

व्हॉट्सअॅपवर पोल मात्र घेऊ देऊ नका. कोणी काय मत दिलं ते नावानिशी दिसतं, आणि भाडेकरू घरमालकाच्या विरुद्ध बोट उचलत नाही. सभेत चिठ्ठ्या टाका. जातीपातीचं, पक्षाचं काही असेल तर ग्रुपवर नकोच. स्क्रीनशॉट रामकुंडात बुडवला तरी वर येतो.

झाड वाचलं. आता त्याखाली माझीच स्कूटर असते आणि निंबोळ्यांचे डाग रोज पुसावे लागतात. त्याबद्दल ग्रुपवर मी अवाक्षर काढलेलं नाही.