विंडो मॅक्सिमाइज होईना? आधी तो चौकोन बघा

माझं काम हिशोबाचं. पण एकदा कुणाचा तरी अडकलेला प्रिंटर चालू करून दिला आणि तेव्हापासून कॉम्प्युटरच्या तक्रारी माझ्याकडे यायला लागल्या. त्यातली नेहमीची एक म्हणजे 'विंडो मोठीच होत नाही'. विंडोजवर मी काय करते ते सांगते.

आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात बघा. मधला चौकोन फिका असेल किंवा नसेलच, तर पुढची खटपट करू नका. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच त्या विंडोचा आकार बांधून टाकलाय. फाइलच्या प्रॉपर्टीजची विंडो अशीच असते. अक्षरं बारीक दिसतात एवढंच दुखणं असेल, तर विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबा, मॅग्निफायर सुरू होतो.

चौकोन ठळक आहे, पण दाबून ढिम्म? विंडोवर एकदा क्लिक करा आणि विंडोजची कळ धरून वरचा बाण दाबा. नाहीतर ऑल्ट आणि स्पेस दाबून मेनू उघडा, मग कीबोर्डवरची एक्सची कळ दाबा.

आता खरी डोकेदुखी. माझ्या लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला होता. तो काढला आणि दुसऱ्या दिवशी हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडेना. टास्कबारवर, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर, आयकॉन दिसतोय, क्लिक केलं तर स्क्रीनवर काहीच नाही. मी शहाणीने ते दोनदा पुन्हा इन्स्टॉल केलं! विंडो उघडत होती, पण जिथे मॉनिटर उरलाच नव्हता तिथे. जुनी प्रोग्राम्स शेवटची जागा लक्षात ठेवतात, त्याचा हा प्रताप.

उपाय असा: शिफ्ट धरून टास्कबारवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करा आणि 'मूव्ह' निवडा. 'मूव्ह' फिकं असेल तर विंडो मॅक्सिमाइज झालेली आहे, म्हणून आधी 'रिस्टोर' करा. मग कुठलाही बाण एकदाच दाबा आणि माउस हलवा. विंडो माउसला चिकटून येते. मधोमध आणून क्लिक करा, मग खुशाल मोठी करा. लॅपटॉपला जोडलेला टीव्ही बंद पण केबल तशीच, म्हणून विंडो त्या टीव्हीवरच उघडते, हाही प्रकार पाहिलाय. अशा वेळी विंडोज आणि पी दाबून फक्त पीसीचा स्क्रीन निवडायचा.

मोठी होते, पण दर वेळी लहानच उघडते? शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रन'समोर 'मॅक्सिमाइज्ड' करा. काही प्रोग्राम्स हे जुमानत नाहीत. तिथे विंडो मोठी करून प्रोग्राम त्याच्याच 'एक्झिट'ने बंद करून बघा, टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्राम्सची यादी दाखवणारी विंडो) जबरदस्तीने बंद करू नका.

मॅक्सिमाइज करूनही एका कडेला रिकामी पट्टी राहत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडा आणि 'विंडोज एक्सप्लोरर' रीस्टार्ट करा. टास्कबार क्षणभर गायब होईल, घाबरू नका. मात्र उघडी फोल्डर्स बंद होतात, फाइल कॉपी चालू असेल तर ती आधी संपू द्या.

आणि विंडो मोठी झाली तरी खाली टास्कबार दिसतोच, ही तक्रार असेल तर बिघाड काहीच नाही. मॅक्सिमाइज आणि फुल स्क्रीन हे दोन वेगळे प्रकार. ब्राउझरमध्ये एफ ११ दाबा, टास्कबारही जाईल. परत यायलाही तीच कळ.