मळ्यातल्या खोलीला रात्री किती ऊब लागते, ते कसं काढायचं

निफाडकडे जानेवारीत पारा ५-६ अंशांवर उतरला की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. म्हणून आण्णा मळ्यातच झोपतात. खोलीत वीज नाही. एक सोलर पॅनल आणि १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी. गेल्या हिवाळ्यात पहाटे गेलो तर पत्र्याला आतून घाम सुटलेला आणि थेंब त्यांच्या गोधडीवर पडत होते. त्याच दिवशी टेप घेऊन मापं काढली.

खोली ३ बाय ३ मीटर, उंची २.७. प्रत्येक बाजूचं क्षेत्रफळ काढा. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट ऊब जाते, त्या आकड्याने ते गुणा. नऊ इंची गिलाव्याची भिंत साधारण २, नुसता पत्रा ७, काच किंवा पत्र्याचं दार ६ धरा. आमच्या भिंती २९ चौरस मीटर, म्हणजे ५८. छप्पर फक्त ९, तरी ६३! दार-खिडकी मिळून ३, म्हणजे १८.

आता फटींची हवा. दाराशी उदबत्ती धरली तर धूर आडवाच पळाला. तासाला दोनदा हवा बदलते असं धरलं: घनफळ २४ × ०.३३ (एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला लागणारे वॅट-तास) × २ = १६. एकूण १५५. जमिनीतून जाते ती थोडी, ती सोडली.

बाहेर ६, आत १८ हवेत, फरक १२. १५५ × १२ = १,८६० वॅट. आठ तासांना जवळपास १५ युनिट. बॅटरीत १२ × १५० = १,८०० वॅट-तास, म्हणजे जेमतेम १.८ युनिट मावतात, लेड-अ‍ॅसिडची निम्मीच वापरावी. त्यामुळे हीटर नकोच.

आधी छप्पर धरा. पत्र्याखाली ५० मिमी थर्माकोल लावला की ७ चे ०.७ होतात, म्हणजे ६३ च्या जागी ६. रात्रीची गरज साडेनऊ युनिटांवर येते. थर्माकोल पटकन पेटतो, तेव्हा त्याखाली जिप्सम बोर्ड लावा आणि धुराड्याजवळ तो मुळीच नको.

सुक्या सरपणात किलोला साधारण ४ युनिट असतात. धुराड्याच्या बंद चुलीतून निम्मी ऊब हाती लागली तरी रात्रीला ५ किलो पुरतं. नुसत्या पत्र्याखाली साडेसात लागलं असतं.

कोळशाची शेगडी घेऊन दार लावून झोपू नका, कुणालाही झोपू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जागही येत नाही. फटी बुजवल्यावरही मी हिशेबात हवेचे ते १६ तसेच ठेवलेत, कारण चूल असली तरी आण्णांच्या उशाकडचा झरोका रात्रभर उघडा राहतो.