शिकागोत जुन्या इमारतीतला नवा कोरा काँडो घेताना

नोकरी स्थिरावली, मुलं झाली, की इथल्या बहुतेक मराठी कुटुंबांचा मोर्चा नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग या उपनगरांकडे वळतो. अंगण, शाळा, दोन गाड्यांचं गॅरेज, सगळं समजण्यासारखं आहे. पण ज्यांना शहरातच राहायचंय, खाली उतरलं की कॉफीचं दुकान, पाच मिनिटांवर ट्रेन आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पायी तळ्याकाठी जाता येईल असं घर हवंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी बरीच वर्षं असाच राहतोय आणि मला दुसरीकडे राहायचं नाही.

लेकव्ह्यू, विकर पार्क, लोगन स्क्वेअर, लिंकन स्क्वेअर या शहरी भागांत तुम्हाला जे काँडो (इमारतीतले स्वतंत्र मालकीचे फ्लॅट) दाखवले जातील, त्यांतले पुष्कळसे शंभरेक वर्षं जुन्या विटांच्या नाहीतर राखाडी दगडाच्या इमारतींमधले असतील. एका मजल्यावर एक बिऱ्हाड अशी तीन मजली ‘थ्री-फ्लॅट’, किंवा एका जिन्याभोवती सहा बिऱ्हाडांची ‘सिक्स-फ्लॅट’. मुळात भाड्यासाठी बांधलेल्या या इमारती पुढे काँडो झाल्या. कुणीतरी त्यातला फ्लॅट विकत घेतो, आतून सगळं उखडतो, पांढरं स्वयंपाकघर, क्वार्ट्‌झचा ओटा, नवी बाथरूम करून विकायला काढतो. फोटो पाहून जीव भाळतो. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की ओट्यावर हात फिरवण्याआधी इमारतीची तब्येत बघा.

आपल्याकडच्या सोसायटीची कल्पना डोक्यात असेल तर एक फरक आधी लक्षात घ्या. तिकडे तुम्ही गृहनिर्माण संस्थेचे सभासद असता, हातात शेअर सर्टिफिकेट असतं. इथे फ्लॅट थेट तुमच्या नावावर असतो, त्याला स्वतःचा चौदा आकडी ‘पिन’, म्हणजे मालमत्ता क्रमांक, असतो आणि त्याबरोबर छप्पर, बाहेरच्या भिंती, जिना, जमीन यांत ठरावीक टक्के वाटा येतो. दरमहा द्यायचा मेंटेनन्स, ज्याला इथे ‘असेसमेंट’ म्हणतात, त्याच टक्क्यांवर ठरतो. आपल्या सिंकिंग फंडाच्या जागी इथे ‘रिझर्व्ह’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेला निधी. रिझर्व्ह रिकामा असताना काही मोठं निघालं, की ‘स्पेशल असेसमेंट’ येते. समजा छपराला तीस हजार डॉलर लागले आणि थ्री-फ्लॅटमध्ये तुमचा वाटा तिसरा हिस्सा असला, तर दहा हजार तुमचे, स्वयंपाकघर कितीही नवं असो. म्हणून असेसमेंट फारच कमी दिसली की खूश होऊ नका. तीन-चार घरांच्या इमारतीत बहुधा व्यवस्थापक नसतो, सगळे मिळून खर्च पुढे ढकलत आलेले असू शकतात.

हे कळायचा मार्ग कायद्यानेच दिलाय. इलिनॉयच्या काँडोमिनियम कायद्यातलं कलम २२.१ विकणाऱ्याला बंधनकारक करतं, की त्याने तुम्हाला डिक्लरेशन (काँडोचा मूळ दस्तऐवज), नियमावली, रिझर्व्हची स्थिती, होऊ घातलेले मोठे खर्च, चालू खटले आणि विम्याची माहिती द्यावी. असोसिएशनने, म्हणजे इमारतीतल्या घरमालकांच्या संघटनेने, ती मागणीनंतर कामाच्या १० दिवसांत पुरवायची असते. याशिवाय मागच्या दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा. खरी इमारत तिथे भेटते: कोण असेसमेंट थकवतं, पावसाळ्यात कुठल्या भिंतीतून ओल येते, विटांच्या दरजा भरायचं काम (इथे त्याला टकपॉइंटिंग म्हणतात) किती वर्षं नुसतं बोललं जातंय. भाड्याने देण्यावर बंदी आहे का, हेही नियमावलीत बघा. उद्या बदली झाली तर तेच महत्त्वाचं ठरेल.

इथे घरखरेदीत दोन्ही बाजूंना वकील असणं ही रीतच आहे. नेहमीच्या करारात सही झाल्यावर वकिलाच्या तपासणीसाठी आणि घराच्या पाहणीसाठी कामाचे पाच दिवस मिळतात. वकील आधीच ठरवून ठेवा, आणि तो काँडोची कागदपत्रं स्वतः वाचणारा असावा.

आता नूतनीकरणाबद्दल. शहराच्या बांधकाम विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या इमारतीचे परवाने आणि तपासण्यांच्या नोंदी दिसतात. भिंती हलवल्यात, बाथरूम वाढवलंय, वायरिंग नवं आहे आणि परवाना एकही नाही, असं दिसलं तर थांबा आणि विचारा. शिकागोत घरातल्या वायरी धातूच्या नळीतून न्याव्या लागतात, ही इथली जुनी शिस्त. पाहणी करणाऱ्याला कुठे नुसती प्लास्टिकच्या आवरणातली वायर भिंतीत गेलेली दिसली, तर परवान्याशिवाय काम झाल्याची ती मोठी खूण समजा. नव्या टाइल्सच्या मागे जुने गंजके लोखंडी पाइप तसेच आहेत का, हेही त्याला बघायला सांगा.

मागच्या लाकडी जिन्या-गॅलऱ्यांवर मात्र वेळ घालवाच. २९ जून २००३ ला लिंकन पार्कमध्ये अशी गॅलरी कोसळून १३ माणसं गेली. सगळी तरुण, घरगुती पार्टीला जमलेली. त्यानंतर शहर याबाबत कडक झालं. खांब कशावर टेकलेत, तुळया भिंतीला कशा जोडल्यात, लाकूड कुजलंय का, हे इन्स्पेक्टरकडून लेखी घ्या. अशी गॅलरी नव्याने बांधायची तर खर्च सगळ्यांवर वाटला जातो आणि तो मोठा असतो.

लहान मुलं असतील तर शिसं. १९७८ च्या आधीच्या घरांत जुन्या रंगात ते असू शकतं. पाण्याचं तर त्याहून गंभीर: १९८६ मध्ये केंद्राची बंदी येईपर्यंत शिकागोत लहान इमारतींना रस्त्यावरून येणारी नळजोडणी शिशाचीच असे. आत सगळं नवं केलं तरी रस्त्याखालची नळी बहुधा जुनीच राहते. ३११ ला फोन केला तर पालिका पाणी फुकट तपासून देते. शिसं अडवणारा प्रमाणित फिल्टर पहिल्या दिवसापासून बसवा.

‘गार्डन युनिट’ म्हणजे अर्धा जमिनीखालचा फ्लॅट, तो स्वस्त मिळतो. इथे सांडपाणी आणि पावसाचं पाणी बहुतेक ठिकाणी एकाच गटारात जातं आणि मोठ्या पावसात ते उलटं घरात शिरू शकतं. उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवलेला नसेल तर मी तो फ्लॅट घेणार नाही.

वस्ती बघायला रविवारी सकाळी जाऊ नका, किंवा जा, पण शुक्रवारी रात्री अकरालाही जा. विकर पार्कमध्ये मिल्वॉकी अ‍ॅव्हेन्यूवरचे बार तेव्हाच ऐकू येतात. रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानाच्या आसपास राहायचं तर तिथल्या कब्ज संघाच्या सामन्याच्या दिवशी पार्किंग शोधून बघा. रेड आणि ब्लू लाइनच्या ट्रेन रात्रभर धावतात, त्यामुळे खिडकीशी रूळ असले तर एक रात्र तिथल्या हॉटेलात झोपून बघायलाही हरकत नाही. जुन्या लाकडी तक्तपोशीतून वरच्या घरातली पावलं ऐकू येतात. घर दाखवताना वर कुणी चालत नसतं, म्हणून आपणच कुणाला तरी वर चालायला लावायची विनंती करावी.

पैशांचं थोडक्यात. एच-१बी वर घर घेता येतं, पण २५ मे २०२५ पासून एफएचए कर्ज (केंद्र सरकारच्या विम्याचं गृहकर्ज) कायमच्या रहिवाशांना आणि नागरिकांनाच मिळतं. एच-१बी वर असाल तर तुम्हाला कन्व्हेन्शनल, म्हणजे असा सरकारी विमा नसलेलं, कर्ज बघावं लागेल, आणि ते देताना बँक असोसिएशनचा हिशेबही तपासते. शहराच्या हस्तांतरण करात घेणाऱ्याचा वाटा हजाराला साडेसात डॉलर, म्हणजे चार लाखांच्या घराला तीन हजार. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथे मालमत्ता कर एक वर्ष मागे चालतो, म्हणजे यंदाचं बिल गेल्या वर्षाच्या कराचं असतं. विकणाऱ्याचं बिल बघून स्वतःचा अंदाज बांधू नका: त्यात ज्येष्ठ नागरिकाची सवलत असेल, किंवा नूतनीकरणाआधीचं मूल्यांकन असेल. शहरातल्या घरांचं मूल्यांकन दर तीन वर्षांनी होतं, २०२४ मध्ये झालं, पुढचं २०२७ मध्ये. ताबा मिळाल्यावर स्वतः राहत असल्याची ‘होमओनर’ सवलत काउंटी असेसरकडे मागायला विसरू नका. आणि असोसिएशनच्या पहिल्याच सभेला जा. थ्री-फ्लॅटमध्ये तिघांपैकी एक आवाज तुमचा आहे, गॅलरी रंगवायची की छप्पर आधी, हे ठरताना तुम्ही तिथे हजर हवेत.