नर बेडूक जास्त पांगतात की माद्या? डीएनएवरून कसं शोधायचं

पांगणं म्हणजे पावसात शेतातून तळ्याकडे ये-जा नव्हे, जन्माचं तळं सोडून दुसऱ्याच तळ्यात जाऊन जोडी जमवणं. नखाएवढ्या पिल्लाला ट्रान्समीटर लावता येत नाही, खुणा करून सोडली तर परत हाताला लागतात मोजकीच, म्हणून डीएनए. सस्तन प्राण्यांत बहुतेकदा नर घर सोडतात, पक्ष्यांत माद्या, बेडकांत मात्र काहीच गृहीत धरू नका. कॅनडातल्या ऑंटारिओत अमेरिकन बुलफ्रॉगवर असं काम झालं, 2003 साली छापून आलं, तिथे माद्या जास्त पांगतात असं निघालं. त्यांच्यातले नर काठाचा एकेक तुकडा अडवून बसतात, दुसरा नर आला की झोंबतात.

सगळ्यात जास्त वेळ सॅम्पल गोळा करण्यात घालवा, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. फक्त मोठे, विणीला आलेले बेडूक घ्यायचे. टॅडपोल नको, ते अजून कुठे गेलेलेच नसतात, शिवाय बुलफ्रॉगची एक मादी 20,000 पर्यंत अंडी घालते, मग एकदा जाळं मारलं की त्यात सख्खी भावंडंच निघायची. आणि दोन पिढ्या मिसळू नका, कारण बाहेरून आलेल्या मादीचे जीन्स तिच्या मुलगे-मुली दोघांत जातात आणि फरक पुसला जातो, हा पुरावा एकाच पिढीपुरता टिकतो.

नर-मादी तिथल्या तिथे नीट ओळखा. बुलफ्रॉग हातात घेऊन डोळ्यामागची कानाची गोल चकती बघा, डोळ्यापेक्षा बरीच मोठी आणि गळा पिवळा असेल तर नर, चकती डोळ्याएवढीच असेल तर मादी. बहुतेक बेडकांचे एक्स-वाय क्रोमोसोम सारखेच दिसतात, त्यामुळे लॅबमध्ये डीएनएवरून बघू म्हणाल तर दरवेळी जमेलच असं नाही. शंका आली तर तो बेडूक विश्लेषणातून बाजूला ठेवा.

गालाच्या आतून स्वॅब घेतला तरी चालतं. टिश्यू घेतला तर 95 टक्के इथेनॉलमध्ये टाका आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पेनची शाई इथेनॉलमध्ये पार धुऊन जाते. दर बेडकाला नवा ग्लोव्ह, दर तळ्यानंतर बूट-जाळी निर्जंतुक, यात आळस अजिबात नको, कायट्रिड बुरशी आपल्याच बुटांवरून पुढच्या तळ्यात जाते आणि तिने जगभर बेडकांच्या जाती संपवल्यात. आपल्याकडे करणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी.

मग मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे ज्यांची लांबी बेडकागणिक बदलते, ते काढायचे आणि एफस्टॅट नावाच्या फ्री प्रोग्रॅममध्ये नर-मादी वेगळे टाकायचे. जे जास्त पांगतात त्यांच्यात तळ्यातळ्यातला फरक, म्हणजे एफएसटी, कमी येतो. एफआयएस, म्हणजे एका तळ्यातली हेटेरोझायगोटची (आईकडून एक आणि बापाकडून वेगळी प्रत मिळालेल्यांची) तूट, मात्र वाढतं, कारण इथले आणि बाहेरचे एकत्र मोजले गेले की हेटेरोझायगोट अपेक्षेपेक्षा कमी भरतात. तिसरा असाइनमेंट इंडेक्स, म्हणजे हा बेडूक जीन्सवरून याच तळ्यातला वाटतो का. तळ्याची सरासरी वजा केली की स्थानिक वाटणारे अधिक, परके वाटणारे उणे. पांगणाऱ्यांची सरासरी उण्याकडे झुकते आणि व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, मोठा येतो. मग नर-मादीची लेबलं हजारो वेळा पिसून बघायचं की एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडतो का.

एकूण पांगणं 10 टक्क्यांच्या आत असेल तर व्हेरियन्सवर भर द्या, नाहीतर एफएसटी जास्त भरवशाचा. नर-मादीच्या पांगण्यातला फरक 80:20 सारखा ठळक असला तर या टेस्ट चांगल्या पकडतात, 55:45 असेल तर हातात काही लागणार नाही, आणि त्यावरून 'दोघं सारखेच पांगतात' असं लिहू नका.

मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो म्हणून लोक तो न्यूक्लियर डीएनएशी (पेशीच्या केंद्रकातल्या, आई-बाप दोघांकडून येणाऱ्या) सरळ ताडून बघतात. तिथे जपून, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची इफेक्टिव्ह संख्या, म्हणजे पुढच्या पिढीत खरोखर पोहोचणाऱ्या प्रतींचा हिशोब, न्यूक्लियरच्या साधारण चौथाई असते, त्यामुळे नर-माद्या अगदी सारखे पांगत असले तरी तळ्यातळ्यातला फरक त्यात जास्तच दिसणार.