‘उत्तर बाल्यावस्था’ वर्गात कशी दिसते : नव्या शिक्षकांसाठी

डी.एल.एड.ला (शिक्षक पदविकेला) असताना उत्तर बाल्यावस्थेची, म्हणजे साधारण सहा ते बारा या वयाची, वैशिष्ट्ये आम्ही सगळ्यांनीच पाठ केली होती. शारीरिक, बौद्धिक, भावनिक, सामाजिक, नैतिक असे मथळे आणि प्रत्येकाखाली चार-पाच ओळी. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्राचे असतात, त्यामुळे तुम्हीही पाठ करा, इलाज नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन-तीन इयत्ता एका खोलीत घेऊन बसलात की कळतं, सहा ते बारा अशी सलग अवस्था सांगणं ही पुस्तकाची सोय आहे. पहिलीतलं पोर आणि पाचवीतलं पोर एकाच प्रकारे विचार करत नाही.

बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंचा पाण्याचा प्रयोग तुम्ही वाचला असेल. तो करूनच बघा, पोषण आहाराचे पेले असतातच. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या आणि एका पेल्यातलं पाणी मुलांसमोरच उंच, अरुंद बाटलीत ओता. पहिलीतली बहुतेक मुलं सांगतील, बाटलीत जास्त आहे. परत पेल्यात ओतून दाखवलं तरी पुढच्या वेळी उत्तर तेच. तिसरीतला एखादा मात्र तुमच्याकडे संशयानं बघत म्हणेल, “बाई, तेच पाणी आहे ना, वाढेल कसं?”

या प्रयोगाचा गणिताशी थेट संबंध आहे, तो मात्र आम्हाला कुणी सांगितला नव्हता. हातच्याच्या वजाबाकीत आपण ४२ मधला एक दशक सुटा करतो. तीन दशक आणि बारा एकक म्हणजे तेच ४२, हे मुलाला पटावं लागतं. रूप बदललं तरी संख्या तीच राहते, हे ज्याला अजून पटलेलं नाही, तो नुसती रीत पाठ करतो आणि पुढे अडकतो. म्हणून काड्यांचा गठ्ठा मुलालाच सोडू द्या, त्यालाच परत बांधू द्या. आणि तिसरी झाली म्हणून साहित्य कपाटात ठेवू नका. पियाजेंच्या मांडणीत साधारण सात ते अकरा वर्षांचं मूल तर्क करतं, पण समोरच्या मूर्त वस्तूंच्या आधारानं. पाचवीच्या अपूर्णांकांनाही कागदाच्या घड्या लागतात.

नव्या शिक्षकांना सर्वांत जास्त दमवतात त्या तक्रारी. “बाई, यानं रांग मोडली.” “बाई, ती डाव्या हातानं जेवते.” याला चुगली म्हणून झिडकारायचा मोह होतो. पण पहिली-दुसरीच्या मुलासाठी नियम ही मोठ्यांनी दिलेली, न बदलणारी गोष्ट असते. तो मोडलेला दिसला की जग बिघडल्यासारखं वाटतं, ते दुरुस्त करायला तो तुमच्याकडे येतो. पियाजेंनी स्वित्झर्लंडमध्ये गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांबद्दल विचारलं होतं, तेव्हाही लहानांना नियम बदलणं चुकीचं वाटायचं. दहाच्या पुढची मुलं म्हणायची, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू. आपल्याकडच्या गोट्या तर गल्लीगणिक वेगळ्या नियमांनी खेळल्या जातात. मधल्या सुट्टीत चौथी-पाचवीच्या मुलांकडे लक्ष द्या : खेळापेक्षा नियमांवरचं भांडणच लांबतं. ते सोडवायला धावू नका, हाणामारी होत नसेल तर. वर्गाचे नियमही पाचवीबरोबर बसून ठरवा, मुलं ते पाळतात आणि एकमेकांना पाळायला लावतात. पहिलीत तोच घाट घालाल तर ‘बाईंना काय हवंय’ याचा अंदाज बांधत मुलं तुमच्या तोंडाकडे बघत बसतील.

टोळ्या होणारच. मुलं मुलांत, मुली मुलींत, आज गट्टी, उद्या फू. एखादं मूल कोणत्याच गटात नाही असं सलग दिसलं तर मात्र दखल घ्या. त्याला सगळ्यांसमोर “याला घ्या रे तुमच्यात” म्हणणं हा सर्वांत वाईट उपाय. गटात ज्याची गरज पडेल असं एखादं काम त्याच्या हाती द्या.

मानसशास्त्रज्ञ एरिक्सन या वयाचा पेच उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड असा मांडतात, म्हणजे ‘मला जमतं’ आणि ‘मी इतरांपेक्षा कमी’ यांतली ओढाताण. परीक्षेत जोडी जुळवायला ते येतं, वर्गात ते दुसरी-तिसरीत दिसू लागतं. पहिलीतल्याला विचारा, सगळंच येतं त्याला. तिसरीतला शेजाऱ्याच्या वहीत डोकावून मग ठरवतो. म्हणून गुण मोठ्यानं वाचून दाखवू नका. ‘हुशार आहेस’पेक्षा ‘या वेळी हातचा विसरला नाहीस’ हे वाक्य जास्त कामाचं. गणितात मागे असलेल्याला लंगडीत, चित्रात, बाग शिंपण्यात काही जमतंय का ते शोधा. माझ्या मते बालमानसशास्त्राच्या पेपरपेक्षा हे काम अवघड आहे.

शरीराबद्दल थोडक्यात. या काळात उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते, म्हणजे वाढ संथ असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे येणारी दाढ कायमची असते. पालक तिला दुधाची समजून कीड लागली तरी सोडून देतात, तेव्हा पालकसभेत एकदा सांगाच. पाचवीच्या आसपास काही मुली मुलांपेक्षा उंच दिसू लागतात, कारण त्यांची वाढीची उसळी सुमारे दोन वर्षं आधी येते. काहींना पाळीही सुरू होते. शाळेत पॅड कुठे ठेवलेत ते मुलींना आधीच सांगून ठेवा, आणि त्या कपाटाची किल्ली सरांकडे मागायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका.