लांबच्या फ्लाइटमध्ये नेक पिलो नीट कशी वापरायची

बहुतेक जण नेक पिलो, म्हणजे मानेभोवती घालायची U आकाराची उशी, जाड बाजू मानेमागे ठेवून घालतात आणि मग म्हणतात, काही उपयोग नाही. अहो, बसल्या बसल्या झोप लागली की डोकं बहुतेक वेळा पुढे किंवा बाजूला पडतं, मागे सीट असतेच की! त्यात मागचा भाग जाड असेल तर तो डोकं उलट पुढे ढकलतो.

म्हणून पिलो फिरवून घाला, उघडी बाजू मागे आणि जाड भाग हनुवटीखाली, हुक असेल तर मानेमागे लावा पण दोन बोटं आत जातील इतकं सैल ठेवा, गळा आवळला तर झोप कसली लागणार. माझी तर मान आखडणं यानेच थांबलं. सीट थोडी मागे करा, हेडरेस्टचे दोन्ही कान (बाजूचे वळणारे भाग) आत वळवा, विंडो सीट मिळाली तर भिंतीकडे टेका.

हवेची पिलो असेल तर विमान वर गेल्यावरच भरा, कारण केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण 6000 ते 8000 फूट उंचीवर असतो तेवढा, त्यामुळे खाली टम्म भरलेली पिलो वर जाऊन अजून कडक होते. तीही पूर्ण नको, बोटाने दाबली की दबली पाहिजे.

कमरेमागे स्वेटरची गुंडाळी ठेवा, याने खूप फरक पडतो. आणि सीट बेल्ट ब्लँकेटच्या वरून लावा, म्हणजे तो दिसतो आणि चेक करायला तुम्हाला कोणी उठवत नाही.